इगतपुरीचा विपश्यना कोर्स: जायच्या आधी हे वाचा

विपश्यना म्हणजे तिथेच राहून करायचा ध्यानाचा कोर्स. 10 दिवस न बोलता राहणार कसं, हा प्रश्न सगळे विचारतात, पण गप्प बसणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. फोन जमा झाला की उलट बरंच वाटतं. जीव जातो तो अधिष्ठानात, म्हणजे न हलता बसायच्या तासात. तासभर डोळे, हात, पाय काहीच हलवायचं नाही, दिवसातून तीनदा, आणि नेमकं तेव्हाच नाकाच्या शेंड्याला अशी खाज सुटते की विचारू नका, मग नुसतं बघत बसायचं की ती वाढतेय, वाढतेय आणि एकदम गायब.

कोर्स होतो ते धम्मगिरी हे विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंका गुरुजींनी सुरू केलेलं केंद्र, 1976 पासूनचं. पहाटे 4 ला घंटा, पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष म्हणजे आनापान, नंतर विपश्यना, म्हणजे अंगभर काय जाणवतंय ते नुसतं बघायचं. जेवण साधं, 11 वाजता, संध्याकाळी नवीन लोकांना चहा आणि फळं वगैरे, रात्रीचं जेवण नाही. फी नाही, दान द्यायचं तर कोर्स पूर्ण झाल्यावरच घेतात, हे मला फार आवडलं. पण रिसॉर्ट समजून जाऊ नका प्लीज, पंचशील (हिंसा, चोरी, खोटं, नशा आणि लैंगिक संबंध बंद) पाळावं लागतं आणि मधूनच निघून जायचं नाही हे आधीच मान्य करून घेतात.

आता खरा फायदा कुठे, तर घरी. मोबाईलवरच्या मेडिटेशन ॲपने मला झोप छान लागायची, बाकी काही नाही. इथलं शिकलेलं भांडी घासताना, लोकलमध्ये लटकताना पण चालू राहतं. सासूबाईंनी टोमणा मारला की आधी कानशिलं तापतात, मग छातीत धडधड, हे आता घडताना कळतं, उत्तर मी देतेच हो, पण जरा उशिरा, आणि तेवढ्यात निम्मी भांडणं विरतात. रोज सकाळ संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात ते मात्र घरात लहान मूल असताना कसं जमवायचं देव जाणे, मी सकाळचंच धरून ठेवलंय.

मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये खरं लिहा, लपवू नका. गुडघे दुखत असतील तर तेही आधी सांगा, खुर्ची मिळते. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर कपडे जास्तीचे न्या, इगतपुरीत काहीही वाळत नाही.