प्रचारातले डीपफेक: लेबल, बंदी की काही तासांत हटवणं?

एआयने तयार केलेल्या फसव्या प्रचारासाठी, म्हणजे खऱ्यासारख्या वाटणाऱ्या बनावट चित्र-आवाजांसाठी (डीपफेक), नियमांचा मसुदा करायला बसलं की चार वाटा समोर येतात. जाहिरातीवर लेबल सक्तीचं करायचं, मतदानाआधी ठरावीक काळ बंदी घालायची, तक्रार येताच काही तासांत मजकूर हटवायला लावायचा, किंवा जुन्याच कायद्यांवर भागवायचं. चर्चा होते ती लेबलाच्या आकाराची आणि शिक्षेच्या वर्षांची. आमच्या मते त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी: मतदानाला दोन दिवस उरले असताना क्लिप बनावट आहे हे कोण ठरवणार, आणि किती तासांत? प्रत्येक पर्याय याच कसोटीवर घासून पाहावा.

जुने कायदे

21 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हजारो मतदारांना बायडन यांच्या नकली आवाजात फोन गेले: मंगळवारच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात) मत देऊ नका. मतदान 23 तारखेला होतं. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार नियामकाने 8 फेब्रुवारीला स्पष्ट केलं की एआयचा आवाज हा रोबोकॉलच्या (यंत्राने आपोआप लावलेल्या फोनच्या) कायद्यातला ‘कृत्रिम आवाज’च आहे. पुढे फोन करवणाऱ्या सल्लागाराला 60 लाख डॉलरचा दंड झाला; राज्याच्या फौजदारी खटल्यातून मात्र जून 2025 मध्ये तो निर्दोष सुटला. दंड बसला तो फोनच्या नियमांमुळे. तोच आवाज व्हिडिओत घालून समाजमाध्यमावर टाकला असता, तर हा कायदा लागूच झाला नसता.

अमेरिकेच्या संघीय निवडणूक आयोगानेही सप्टेंबर 2024 मध्ये नवा नियम न करता, तोतयेगिरीची जुनी मनाई कोणत्याही तंत्राला लागू आहे एवढंच सांगितलं. पण ती मनाई दुसऱ्या उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या वतीने बोलत असल्याची बतावणी करण्यापुरती आहे. स्वतःच्या नावाने जाहिरात देऊन प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी खोटं वाक्य घातलं, तर ती तोकडी पडते. जुने कायदे सोबत ठेवा, एकट्याने मात्र ते पुरणार नाहीत.

लेबल

वॉशिंग्टन आणि मिशिगन या राज्यांनी 2023 मध्ये ही वाट धरली. भारताच्या निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये मापच ठरवून दिलं: दृश्यात किमान 10 टक्के भागावर ठळक लेबल, ध्वनिफितीत सुरुवातीच्या 10 टक्के वेळेत तशी सूचना. बोलण्यावर बंदी येत नसल्याने न्यायालयात लेबल टिकण्याची शक्यता बंदीपेक्षा जास्त. तरी मसुदा ढिसाळ असेल तर तेही कोसळतं. कॅलिफोर्नियाच्या 2024 च्या कायद्याने विडंबनालाही लेबल लावायला सांगितलं, आणि ते व्हिडिओतल्या सर्वांत मोठ्या अक्षरांइतकं हवं असं म्हटलं. या कायद्याला आव्हान देणाऱ्या खटल्यातल्या व्हिडिओत त्या मापाने अख्खा पडदा सूचनेनेच भरला असता. न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कायद्याचा बहुतांश भाग थांबवला आणि ऑगस्ट 2025 मध्ये तो रद्दच केला.

लेबलाची मूळ अडचण मात्र मापाची नाही. फसवायचंच ठरवलेला माणूस लेबल लावत नाही. वर, लेबलांची सवय झालेला मतदार लेबल नसलेली क्लिप खरी धरून चालतो. आणि कापून, स्क्रीन रेकॉर्ड करून पुढे पाठवलं की कडेची पट्टी जाते. फाइलमध्ये दडवलेली उगमाची माहितीही बहुतेकदा पुसली जाते. त्यामुळे लेबल लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. खरखर काढणं, रंग सुधारणं, उपशीर्षकं अशा किरकोळ संपादनाला सूट द्या, नाहीतर प्रत्येक जाहिरातीवर लेबल येईल आणि कुणी वाचणार नाही. लेबल कडेला नको, चेहऱ्याच्या जवळ हवं. आवाजात सूचना एकदाच नको: कॅलिफोर्नियाने सुरुवातीला, शेवटी आणि लांब ध्वनिफितीत दर दोन मिनिटांच्या आत अशी ठेवली होती, आणि ती कल्पना घेण्यासारखी आहे.

ठरावीक काळाची बंदी

दक्षिण कोरियात 29 जानेवारी 2024 पासून मतदानाआधीचे 90 दिवस निवडणूक प्रचारासाठी डीपफेकला पूर्ण मनाई आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद किंवा 1 ते 5 कोटी वॉन दंड. त्याआधीच्या काळात लेबल चालतं. टेक्ससने 2019 मध्येच 30 दिवसांची बंदी आणली, पण व्याख्येत फक्त ‘व्हिडिओ’ लिहिला. नुसता नकली आवाज तिच्या बाहेर राहिला, आणि आवाज तर सर्वांत स्वस्तात बनतो, सर्वांत अवघड ओळखता येतो. व्याख्येत ‘दृश्य किंवा ध्वनी’ असे शब्द नसतील, तर पुढचं काही वाचू नका, आधी ते दुरुस्त करा.

ब्राझीलच्या निवडणूक न्यायालयाने 2024 मध्ये डीपफेक सरसकट बंद केले, ज्याचा चेहरा वापरला त्याची संमती असली तरी. गैरवापर सिद्ध झाल्यास उमेदवारी किंवा जिंकलेलं पद जाऊ शकतं. दंड प्रचारखर्चात मुरतो. पद जाण्याची भीती तशी मुरत नाही.

आम्हाला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो सिंगापूरचा ऑक्टोबर 2024 मधला कायदा. बंदी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदान संपेपर्यंत, आणि ती फक्त उमेदवाराला न केलेली कृती किंवा न बोललेलं वाक्य खऱ्यासारखं चिकटवणाऱ्या ऑनलाइन जाहिरातीला. उमेदवार निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो, पण क्लिप बनावट असल्याचं जाहीर करताना तो जाणूनबुजून खोटं बोलला तर तोही गुन्हा. ही अट फार मोलाची आहे. ती नसेल तर खऱ्या, अडचणीच्या क्लिपलाही ‘डीपफेक’ म्हणून हटवता येतं.

काही तासांत हटवणं

भारताच्या निवडणूक आयोगाने मे 2024 मध्ये पक्षांना तीन तासांची मुदत दिली. पण घड्याळ सुरू होतं ते मजकूर पक्षाच्या लक्षात आल्यावर, आणि पक्षाच्या खात्याबाहेर, खासगी गटांत फिरणाऱ्या प्रतींवर त्याचा ताबा नसतो. स्लोव्हाकियात सप्टेंबर 2023 मध्ये बनावट ध्वनिफीत पसरली ती मतदानाआधीच्या 48 तासांच्या प्रचारबंदीत, जेव्हा उघड खुलासा करणंच अवघड होतं. मसुद्यात अशा प्रचारबंदीच्या काळातही खंडनाला मुभा ठेवा.

निवड कशी करावी

निवडणूक यंत्रणेला 24 तासांत आदेश देण्याचा अधिकार आणि तंत्रज्ञ दोन्ही असतील, तर सिंगापूरसारखी अरुंद बंदी घ्या, आणि तिच्यात मतदानाची तारीख, केंद्र, पद्धत यांबद्दलचे बनावट संदेश जोडा. तशी यंत्रणा नसेल किंवा न्यायालयं राजकीय भाषणाला कडक संरक्षण देत असतील, तर लेबल आणि पीडित उमेदवाराला दिवाणी न्यायालयातून तातडीचा मनाई हुकूम, एवढ्यावर थांबा. जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर टाका. अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्राला उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करण्याचीच मनाई आहे; तिथे केंद्राला दोषी धरून काय साधणार?

पुराव्याचं कलम मात्र दोन्हीकडे हवं. ओळखणारी सॉफ्टवेअरं अनेकदा दाबलेल्या (आकार कमी केलेल्या), पुढे पाठवलेल्या ध्वनिफितीवर चुकतात, म्हणून त्यांच्या टक्केवारीवर निकाल नको. जाहिरातदाराने मूळ फाइल, बनवणाऱ्याचं नाव आणि तयार झाल्याची वेळ जपून ठेवावी. तक्रारदाराने पहिल्या पोस्टचा दुवा आणि न दाबलेली प्रत त्याच दिवशी जमा करावी.