लो-फ्लो ट्रिपसाठी दोन ट्रान्समीटर की तीन?

भट्टीच्या फीडचा फ्लो कमी झाला की इंधन तोडायचं, नाहीतर नळ्या तापून फाटतात. त्यासाठी दोन डीपी ट्रान्समीटर (दाबातल्या फरकावरून फ्लो मोजणारी उपकरणं) लावून कोणाही एकाच्या मतावर भट्टी ट्रिप (आपोआप बंद) करायची, की तीन लावून दोघांचं एकमत मागायचं?

कागदावर ‘दोनपैकी एक’ सरस. न दिसणाऱ्या धोकादायक बिघाडाचा दर वर्षाला 0.004 आणि प्रूफ टेस्ट (असे लपलेले बिघाड शोधणारी चाचणी) वर्षातून एकदा धरली, तर गरजेच्या वेळी ट्रिप न होण्याची शक्यता ढोबळमानाने 0.000005 येते; ‘तीनपैकी दोन’मध्ये त्याच्या तिप्पट. पण त्यातले 5 टक्के बिघाड सामाईक कारणाने सगळ्यांना एकदम होतात असं धरलं, की त्यांचाच वाटा 0.0001 होतो. मग आधीचा फरक त्यात बुडून जातो.

माझा कौल ठरला तो कॅलिब्रेशनच्या कटकटीमुळे. ट्रान्समीटर काढताना त्याच्या मॅनिफोल्डचा (व्हॉल्व्हच्या जोडणीचा) इक्वलायझिंग व्हॉल्व्ह, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणारा, उघडला की दाबफरक शून्य, सिग्नलच्या लूपमध्ये 4 मिलिअँपिअर, म्हणजे शून्य फ्लोचा आकडा. ट्रिप ठरवणाऱ्या लॉजिकला वाटतं फ्लो गेला. दोनच असतील तर तेवढ्यावर भट्टी बंद. म्हणून आधी बायपास, म्हणजे त्या ट्रान्समीटरचं मत तात्पुरतं बाद करणं: परमिट, किल्ली, कंट्रोल रूमला कळवणं. तेवढा वेळ सगळी भिस्त उरलेल्या एकावर. त्यात टॅग (ट्रान्समीटरवरचा ओळख क्रमांक) वाचण्यात चूक होऊन चालू ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह उघडला, तर बायपास असूनही ट्रिप. आणि काम संपल्यावर बायपास काढायचा राहिला, तर ते बाहेरून दिसतही नाही.

तीन असले तर बायपासची गरजच नाही. काढलेल्याचं एक मत पडलेलं असतं, उरलेल्या दोघांपैकी एकाने होकार दिला की ट्रिप. म्हणजे कामाच्या वेळी संरक्षण ढिलं न पडता उलट कडक होतं. चुकीचा टॅग उघडला तरी एकच मत. तार तुटून 3.6 मिलिअँपिअरच्या खाली गेलं, तर तेही बिनधास्त ट्रिपचं मत धरता येतं. फक्त दुरुस्ती लांबवायची नाही, कारण तोवर दुसरा छोटासा बिघाडही भट्टी थांबवेल.

बॅच प्लांटमध्ये, जिथे थांबणं स्वस्त आणि कॅलिब्रेशन दोन बॅचच्या मध्ये उरकतं, तिथे कदाचित दोन पुरेत. चोवीस तास चालणाऱ्या भट्टीला मी तीनच घेईन.

मात्र ऑरिफिसवर (दाबफरक तयार करणाऱ्या पाइपमधल्या भोकाच्या चकतीवर) टॅपिंगच्या, म्हणजे दाब घेण्याच्या छिद्रांच्या, तीन स्वतंत्र जोड्या हव्यात, आणि तीन सिग्नल लॉजिकच्या तीन वेगळ्या इनपुट कार्डांवर. जोड्या दोनच मिळत असतील तर तिसरा ट्रान्समीटर कोणाच्या तरी टॅपिंगवर टांगू नका. ती सामाईक इम्पल्स लाइन (टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) चोक झाली की दोन ट्रान्समीटर जुनाच आकडा धरून बसतात. तिसरा खरं सांगत असला तरी त्याचं मत एकटं पडतं आणि ट्रिप होत नाही. तशा जागी ‘दोनपैकी एक’च लावा.