उंच डोंगरावर पॅसिव्ह सॅम्पलर: चार खेपा वर नेऊन आणल्यावर

दोन स्टीलचे वाडगे एकमेकांवर उपडे-सुलटे, मधे फोमची चकती, लांबून बघितलं तर अगदी उडती तबकडी. हाच पॅसिव्ह सॅम्पलर, म्हणजे पंपाशिवाय हवेतली रसायनं आपोआप चकतीत धरून ठेवणारा. आम्ही हा 4000 मीटरच्या आसपास लावलेला, दर तीन महिन्यांनी चकती बदलायची, असं वर्षभर केलं. कीटकनाशकं, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली विषारी रसायनं) असली जी रसायनं वाफ होऊन लांबवर उडत येतात आणि थंडीत डोंगरावर उतरतात ती पकडायला हे वापरतात.

आधी चांगलं सांगतो. वीज लागत नाही बस्स, इथंच अर्धी लढाई जिंकली. मोठ्या पंपाचा सॅम्पलर वर न्यायचा म्हणजे जनरेटर आला, डिझेल आलं, आणि जनरेटर त्या विरळ हवेत धापा टाकतो, वर त्याचाच धूर तुमच्या फिल्टरमधे, म्हणजे आपणच घाण करायची आणि आपणच मोजायची 😅 हा मात्र सॅकमधे मावतो, एकटा माणूस खांबाला बांधून खाली येऊ शकतो.

आता मुद्द्याचं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दिवसाला साधारण 4 घनमीटर हवा. तो आकडा डोळे झाकून घेऊ नका!! तो सपाटीवरचा, मंद वाऱ्याचा आकडा आहे. वर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के, दाब कमी की वायूचे रेणू जास्त भरभर पसरतात, थंडीने ते थोडं उलटं होतं, आणि खरा घोळ वाऱ्याचा. वाडगे वारा अडवतात हे खरं पण खिंडीतल्या सोसाट्यात आत भोवरे व्हायला लागतात आणि चकती जास्त ओढते, मग दोन डोंगरांमधला फरक प्रदूषणाचा की वाऱ्याचा हे कळतच नाही. यावर उपाय म्हणजे चकतीवर आधीच लेबल केलेली (हवेतल्या रसायनांपासून वेगळी ओळखू येणारी) रसायनं मोजून टाकायची, नंतर त्यातली किती उडाली ते बघायचं आणि त्यावरून त्या जागेचा हवा ओढण्याचा खरा वेग काढायचा. पहिल्या खेपेला आम्ही हे केलं नाही, ते तीन महिने कशाशी ताडून बघता येत नाहीत, बोंबला.

दुसरी तक्रार, हा तीन महिन्यांची सगळी हवा एकत्र करतो. डोंगरावर दिवसा दरीतला वारा चढतो, खालचा सगळा कचरा घेऊन, रात्री वरची स्वच्छ हवा उतरते. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत (3397 मीटर) दूरवरची हवा मोजायला रात्रीच्या उतरत्या वाऱ्याची वेळ पकडतात ते म्हणूनच. ज्यांना हे वेगळं करून बघायचंय त्यांनी पंपच घ्या, दिवसाचा एक फिल्टर रात्रीचा एक. आणि पंप घेतलात तर तो प्रमाण (म्हणजे समुद्रसपाटीच्या) दाबाचे लिटर दाखवतोय की तिथल्या दाबाचे हे आधी विचारा, वर या दोन आकड्यांत खूप अंतर पडतं. धुळीला चिकटून येणारी रसायनं हवी असतील तरी पंपच, वाडग्यात धूळ येते पण किती येते त्याचा काही भरवसा नाही.

जिथं वर्षातून एकदाच पोचता येतं तिथं रेझिनची (रसायनं शोषणाऱ्या बारीक मण्यांची) नळी लावलेली बरी, ती हळू भरते पण वर्षभर टिकते.

अजून एक, कोरी चकती प्रत्येक वेळी सोबत न्या, वर उघडा, बंद करा, परत आणा, म्हणजे नेता-आणता किती घाण लागली ते कळतं. आमच्या एका खेपेला कोऱ्या चकतीतच इतकं काही सापडलं की त्या खेपेतले कमी प्रमाणातले सगळे आकडे सोडून द्यावे लागले.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो नटांसाठी, इतके बारीक की हातमोजे घालून धरता येत नाहीत, आणि हातमोजे काढले तर तळहातावरचं सनस्क्रीन चकतीला. दोन नट बर्फात गेले ते गेलेच. आता विंग नट घातलेत.