स्टेंट की गोळ्या? चालताना छाती भरून येणाऱ्यांसाठी दोन वाटांची तुलना

ही तुलना कोणासाठी नाही, ते आधी सांगायला हवे. बसल्या जागी छातीत दुखू लागले, दुखणे १५-२० मिनिटे ओसरत नाही, दरदरून घाम फुटला, किंवा आठवडाभरात दुखणे झपाट्याने वाढत चालले असेल, तर पुढचे वाचत बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. हार्ट अटॅकमध्ये वेळेवर केलेली अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची नळी बसवणे) जीव वाचवते, त्यात वाद नाही.

वाद आहे तो वेगळ्या रुग्णांबाबत. जिना चढताना, जेवणानंतर चालताना छाती भरून येते, दोन मिनिटे थांबले की बरे वाटते आणि असे महिनोन्महिने त्याच प्रमाणात चाललेले आहे. यालाच स्थिर अंजायना म्हणतात. स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) पॉझिटिव्ह येते, अँजिओग्राफी (औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेणे) होते. रुग्ण टेबलावर असतानाच नातेवाइकांना आत बोलावून स्क्रीनवर ‘८० टक्के ब्लॉकेज’ दाखवतात आणि विचारतात, ‘लगेच करून टाकायची का?’ घाबरलेला माणूस त्या क्षणी ‘नाही’ म्हणूच शकत नाही.

त्या प्रश्नामागे गृहीत धरलेले असते की स्टेंट घातला की अटॅक टळला. संशोधन मात्र तसे सांगत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, त्यात भारतातलेही. निम्म्यांना गोळ्यांसोबत अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास (शस्त्रक्रियेने अडथळ्याला वळसा घालणारी नवी रक्तवाहिनी जोडणे). उरलेल्यांना आधी फक्त गोळ्या, आणि त्या पुरेनाशा झाल्या तरच पुढची प्रक्रिया. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४४. अटॅकच्या एकूण हिशेबातही ठोस फरक निघाला नाही. २००७ च्या ‘करेज’ चाचणीचा सूर असाच होता.

कारण असे की अटॅक नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असे नाही. कमी अडथळ्याचा, पण मऊ चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी धरते, असेही पुष्कळदा घडते. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटरची जागा मोकळी करतो. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सगळ्या रक्तवाहिन्यांवर काम करते. म्हणूनच स्टेंट घातला तरी गोळ्या सुटत नाहीत, उलट वाढतात.

मग स्टेंटचा उपयोग काय? दुखणे कमी होते, आणि ही काही छोटी गोष्ट नाही. ‘इस्केमिया’त रोज किंवा दर आठवड्याला त्रास होणाऱ्यांपैकी वर्षभराने प्रक्रियेच्या गटात सुमारे ५० टक्के लोक वेदनामुक्त होते, गोळ्यांच्या गटात सुमारे २० टक्के. ज्यांना मुळात दुखतच नव्हते, त्यांना या बाबतीत मिळवण्यासारखे काही नव्हते. २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ चाचणीत ३०१ रुग्णांच्या अंजायनाच्या गोळ्या थांबवल्या आणि काहींना खरी, तर काहींना नुसती लुटुपुटीची अँजिओप्लास्टी केली; कोणाला काय मिळाले ते रुग्णांना कळू दिले नाही. १२ आठवड्यांनी वेदनामुक्त होते ते ४० विरुद्ध १५ टक्के. म्हणजे फायदा खरा, पण स्टेंटनंतरही निम्म्याहून अधिक लोकांना थोडेफार दुखतच होते.

गोळ्यांची वाट स्वस्त आहे, पण ती नीट चालावी लागते. ‘गोळ्यांनी काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांच्या गोळ्या कितीदा चुकीच्या वेळी घेतलेल्या असतात. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेटचेच पाहा. दिवसातून दोनदा घ्यायची मोनोनायट्रेटची साधी गोळी सकाळी आठ आणि रात्री आठला घेतली, तर शरीराला तिची सवय होते आणि परिणाम ओसरतो. दोन डोसांत साधारण सात तास ठेवायचे, म्हणजे सकाळी आठ आणि दुपारी तीन, आणि रात्र मोकळी सोडायची. रात्री दुखत असेल तर वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या. नाडी मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरचा डोस बसल्या जागी नाडी ५५ ते ६० वर येईपर्यंत डॉक्टर वाढवत नेतात. ती गोळी एकदम बंद केली तर दुखणे उसळते. स्टॅटिन सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. त्यातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली असावे; नसेल तर डोस वाढवणे किंवा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडणे हा पुढचा टप्पा.

सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम (लगेच काम करणारी नायट्रेटची गोळी) खिशात हवीच. दुखू लागले की आधी बसा, गोळी जिभेखाली ठेवा, पाणी पिऊ नका. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येते. पाच मिनिटांत आराम नाही तर १०८. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टॅडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट वर्ज्य.

स्टेंटच्या वाटेवरची अडचण नंतर येते. औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. दाढ काढायची म्हणून कोणीतरी ‘आठवडाभर बंद ठेवा’ म्हणतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. हर्निया, गुडघा अशी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ती आधीच सांगा. पोटात रक्तस्राव झालेल्यांना किंवा गोळ्या वेळेवर घेणे जमत नाही अशांना ही वाट जड जाते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर अँजिओग्राफीच्या औषधाने मूत्रपिंडाला धोका असतो. शिवाय मूत्रपिंड बरेच खराब झालेल्या ७७७ रुग्णांवरच्या वेगळ्या चाचणीत प्रक्रियेचा फायदा दिसला नाही.

खर्चाचे म्हणाल तर स्टेंटची किंमत २०१७ पासून सरकारने बांधून दिली आहे, पण बिलात इतर रकमाही असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रुग्णालय योजनेत आहे का ते दाखल होण्याआधी विचारा.

काही रुग्णांना हा सगळा हिशेब लागूच नाही. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के किंवा जास्त अडथळा, किंवा टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची ताकद, ३५ टक्क्यांखाली असेल, तर त्यांना ‘इस्केमिया’त घेतलेच नव्हते. मधुमेह आणि तिन्ही धमन्यांत ब्लॉकेज असेल तर स्टेंटपेक्षा बायपासची बाजू भक्कम आहे.

बाकीच्यांनी दोन-तीन महिने गोळ्या पूर्ण डोसात घेऊन पाहाव्यात. त्यानंतरही बाजारात जाणे, जिना चढणे, काम करणे अडत असेल तर स्टेंट घ्यावा आणि तो निर्णय चुकीचा मानू नये. अँजिओग्राफीच्या संमतिपत्रात अँजिओप्लास्टीचीही परवानगी छापलेली असू शकते. ‘आज फक्त अँजिओग्राफी, पुढचे बोलून ठरवू’ हे सही करण्याआधी डॉक्टरांना सांगा, तसे कागदावर लिहून घ्या आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. दुसरे मत घ्यायला तीच लागते.