अपघातानंतरची फिजिओथेरपी: एकाच केंद्रातील पती-पत्नीचा अनुभव

गेल्या वर्षी दुचाकीच्या अपघातात यजमानांच्या आणि माझ्या नडगीचे हाड मोडले, दोघांच्याही पायात रॉड घालावा लागला आणि माझ्या पेल्विसला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, तडाही गेला. त्यानंतर सात महिने आम्ही घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जात होतो. व्यायाम शिकवण्यात ते केंद्र उत्तम आहे. दर आठवड्याला गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजून लिहिले जाते, घाई केली जात नाही आणि दुखले तर कारण शोधले जाते.

माझी तक्रार नोंदणीच्या अर्जापासून सुरू होते. यजमानांना कामावर रुजू होण्याची तारीख विचारली गेली. माझ्यापुढे नुसते ‘गृहिणी’ लिहिले गेले. प्रत्यक्षात मी रोज पंचवीस डब्यांच्या पोळ्या करते, त्यासाठी दोन-अडीच तास ओट्याशी उभी राहते, आणि वॉकर सुटला त्याच दिवसापासून घराने मला बरी झालेली धरले. पाचव्या महिन्याच्या एक्स-रेत दोघांचेही हाड जुळलेले दिसले आणि यजमान कचेरीत जाऊ लागले. मला आणखी दोन महिने लागले. माझी दुखापत अधिक होती हे खरे असले, तरी विलंबाचे सगळे कारण तेवढेच नव्हते. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे हजाराहून अधिक जखमींचा 18 महिन्यांपर्यंत पाठपुरावा करून 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुखापतीची तीव्रता हिशेबात घेऊनही, स्त्रियांची कार्यक्षमता आणि मनःस्थिती पुरुषांपेक्षा मागे राहिल्याचे आढळले होते.

तिसऱ्या महिन्यात एक महिला फिजिओथेरपिस्ट आल्या आणि चित्र पालटले. लघवीवर ताबा राहतो का, पती-पत्नीच्या संबंधांत दुखते का, हे प्रश्न त्यांनी पडदा ओढून, हळू आवाजात विचारले. पेल्विसच्या दुखापतीनंतर असे त्रास होऊ शकतात, हे तोवर मला कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी मला केंद्रातच परात देऊन कणीक मळायला लावली, एक पाय बुटक्या पाटावर ठेवून आळीपाळीने भार बदलायला शिकवले, आणि त्या दिवशी प्रथमच कंबर न धरता माझा गोळा मळून झाला.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने हाडांची झीज वाढते, म्हणून बावन्नाव्या वर्षी मला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी सुचवली गेली, हे योग्यच झाले. मात्र शेजारच्या खाटेवरील, नुसत्या घसरण्याने खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीच्या आजोबांना ती कोणी सुचवली नाही, याचे मला फार वाईट वाटले. खुब्याची हाडे स्त्रियांची अधिक मोडतात, पण त्यानंतरच्या वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत जास्त असते. म्हणजे ठिसूळ हाडे हा बायकांचा आजार समजण्याची किंमत पुरुषही मोजतात.

एका सत्राचे 500 रुपये आणि पाऊण तास हा हिशेब मला रास्त वाटला. महिला फिजिओथेरपिस्ट फक्त सकाळी असतात, त्यामुळे पेल्विसची दुखापत असलेल्या स्त्रियांनी नोंदणी करतानाच ती वेळ मागून घ्यावी आणि ‘गृहिणी’ या शब्दाखाली दिवसभराची कामे एकेक करून लिहायला लावावीत.