लोखंडाच्या भुकटीची हातऊब : दिल्लीच्या थंडीत वापरून पाहिली

मी कोल्हापूरची, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल नेमबाज. डिसेंबरात दिल्लीच्या कर्णीसिंह रेंजवर सकाळच्या पाळीला उभं राहिलं की तर्जनी बधिर होते. ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम. बोटाला तो दाबच कळला नाही, तर शॉट कधी सुटला तेही कळत नाही.

यंदा लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या नेल्या. पाकीट फोडलं की हवा लागून भुकटी गंजते आणि त्यातून ऊब येते. मात्र ती लगेच येत नाही. माझ्या पुड्यांना वीसेक मिनिटं लागली, म्हणून मी त्या सरावाच्या शॉट्सच्या बऱ्याच आधी उघडते. घट्ट खिशात कोंडल्या तर हवेअभावी थंडावतात. जर्किनच्या सैल खिशात उत्तम. दुपारपर्यंत सहज टिकल्या. पूर्वीची चकती दाबून तापणारी जेलची पिशवी तासाभरात गार व्हायची आणि पुन्हा उकळत्या पाण्यात टाकावी लागायची. रेंजवर उकळतं पाणी कुठून आणायचं?

प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्यात, पाच शॉट्सना पाच मिनिटं असतात, त्यामुळे दोन शॉट्सच्या मध्ये हात खिशात घालता येतो. रॅपिडला, म्हणजे झटपट शॉट्सच्या टप्प्याला, ती सोय नाही. तळवा मात्र फार तापू देऊ नका, घामाने ग्रिप सरकते.

पायांचा प्रश्न उरतोच. नियमाने बूट घोट्याखालीच हवेत, म्हणून आईने विणलेले लोकरी मोजे घालते. पुड्या पुढच्या वर्षीही नक्की घेणार.