झिर्कोनियाचे पैसे घेतले, कॅप निघाली मेटलची

फोंड्याच्या एका क्लिनिकात आईच्या दाढेचं रूट कॅनल करून कॅप बसवली. रूट कॅनलचे 6,000 आणि कॅपचे 12,000, कारण म्हणे झिर्कोनिया (दातासारखं पांढरं, महागडं मटेरियल) आहे, 10 वर्षांची वॉरंटी. एक्सरे मागितला तर "कॉम्प्युटरमध्ये आहे, नंतर देतो", वॉरंटी कार्ड मागितलं तर "लॅबकडून यायचंय". पक्कं बिल नाहीच, चिठ्ठीवर आकडा.

चवथीच्या तोंडावर आईचा गाल सुजला, घास चावता येईना, रात्रभर कळा. क्लिनिकवाले प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लिहून द्यायचे आणि सांगायचे काय, तर "आईंना शुगर आहे ना, म्हणून असं होतंय". याचा राग अजून जात नाही माझा, आपलं अर्धवट काम लपवायला म्हाताऱ्या बाईच्या आजारावर ढकलायचं!

शेवटी बांबोळीला डेंटल कॉलेजात नेलं. तिथे एक्सरे काढून स्क्रीनवर समजावून सांगितलं. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत साधारण तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या बारीक नळ्या, असतात, कधी चार, आईचे दोनच भरलेले आणि त्यातलाही एक अर्ध्यावर सोडलेला, नीट भरलेला कॅनल एक्सरेत पांढऱ्या रेघेसारखा मुळाच्या टोकाजवळ पोचलेला दिसतो. मग कॅप कापली तर वरच्या पांढऱ्या थराखाली राखाडी धातू. झिर्कोनियात धातूचा थर नसतोच, ही मेटल सिरॅमिक, जी पुष्कळ स्वस्तात होते. कापलेले तुकडे आम्ही मागून घेतले.

तुमच्याकडे कोणाचं काम चालू असेल तर शेवटचे पैसे द्यायच्या आधी सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही एक्सरे मोबाईलवर घ्या. झिर्कोनियाच्या वॉरंटी कार्डावर नंबर असतो, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर तो टाकून खरं-खोटं बघता येतं. चांगले डेंटिस्ट हे सगळं न मागता देतात.

आम्ही गोवा स्टेट डेंटल कौन्सिलकडे लेखी तक्रार दिलीय, डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. पैशांसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलंय, तक्रार 2 वर्षांच्या आत करायची, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असली तर फी लागत नाही, आणि काही विचारायचं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बिल नाही म्हणून गप्प बसू नका, आम्ही यूपीआयची एंट्री, क्लिनिकचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ती चिठ्ठी आणि बांबोळीचे कागद जोडतोय. दाढेचं रूट कॅनल तिथे पुन्हा सुरू केलंय, वाचते की काढावी लागते ते अजून नक्की नाही.